नंबर तपासायचा फोन

बॅनर छापणाऱ्या काकांच्या नाकावर कायम राग. आत्महत्या रोखण्यासाठी भरणाऱ्या सभेच्या बॅनरवर त्यांनी डोकं धरून बसलेला माणूस टाकला, तो सभा भरवणाऱ्या नर्सबाईंनी काढायला लावला.

"मग लोक थांबतील कशाला?" काका करवादले.

"ज्याच्यासाठी लावतोय तो आधीच खचलेला असतो, काका. त्याला परत तेच कशाला दाखवायचं? समोरासमोर दोन खुर्च्या दाखवा आणि मदतीचा नंबर मोठा टाका."

दोन खुर्च्या. काकांच्या घरीही दोनच होत्या. बायको गेल्यापासून तिच्या खुर्चीवर वाळलेले कपडे साठत होते.

नर्सबाई निघून गेल्या. छापण्याआधी प्रत्येक नंबर स्वतः लावून बघायचा, हा काकांचा शिरस्ता. त्यांनी उभ्याउभ्याच फोन लावला.

"बोला," एका बाईचा शांत आवाज आला.

"काही नाही. बॅनर छापतोय. नंबर बरोबर आहे का ते बघत होतो."

"बरोबर आहे. आणि तुम्ही कसे आहात?"

काका सवयीने 'मजेत' म्हणणार होते. पण असं त्यांना कितीतरी दिवसांत कुणी विचारलं नव्हतं.

"थांबा हं," ते म्हणाले, "जरा खुर्ची ओढून घेतो."