जावेपेक्षा हलकी गाडी

गेल्या नाताळात जाऊ नासिमियू बाळाची घडीची गाडी मिरवत गावी आली, तेव्हापासून नाफुलाचा नुसता जळफळाट चालला होता. यंदा जावेच्या नाकावर टिच्चून तिने नैरोबीतली दुकानं पालथी घातली आणि एका हाताने मिटणारी, तिच्या गाडीहून हलकी गाडी घेतली. धूळ बसू नये म्हणून ती कापडात गुंडाळली. रडतं बाळ काखेत मारून ती ऐटीत बसमधून उतरली.

समोर नासिमियू! तिचं बाळ सासूने बाळंतपणात दिलेल्या लेसो कापडाने पाठीशी बांधलेलं, गाढ झोपेत.

"गाडी कुठंय गं तुझी?"

"देऊन टाकली बाई. इथल्या चिखलात ढकलून जीव गेला माझा."

शेजारी उभी सासू मात्र नाफुलाच्या गाडीवरचं कापड निरखत होती.

"तुला दिलेला लेसो ना गं हा? बरं झालं, गाडीला तरी ऊब मिळाली."