अंधारातलं रॉकेट

आमच्याकडे नाजूक वस्तू बांधायची म्हणजे तणसात बांधायची. अंडी, आंबे, काचेची भांडी, सगळ्यांना धानाचं तणस, म्हणजे पेंढा. त्यामुळे रॉकेटमधल्या बारुदीच्या धगीनं पॅराशूट जळू नये म्हणून मी त्याच्याखालीही तणसच कोंबलं. असं करताना मला जराही शंका आली नाही. मी शाळेत विज्ञान शिकवतो, हेही सांगून टाकतो.

रॉकेट म्हणजे हातभर लांब पुठ्ठ्याची नळी, खाली विकत मिळणारं छोटं इंजिन, त्याच्या बाजूंना पुठ्ठ्याचे पंख आणि वर टोपण. उंचावर गेलं की आत थोडीशी बारूद फुटते, टोपण निघतं आणि पॅराशूट बाहेर पडतं. त्या दिवशी तणस दमट हवेनं फुगलं होतं. टोपण निघालंच नाही. रॉकेट नाकावर आलं आणि आमच्यासमोरच्या धानाच्या बांदीच्या चिखलात पहार रोवावी तसं रुतलं.

शेताच्या कडेला धुऱ्यावर बसलेले बाबा म्हणाले, "मस्त गेला. हळूच उतरला का?"

मला आधी वाटलं, टोमणा मारताहेत. बाबांना ती सवय आहे. पण ते आभाळाकडेच बघत होते, तोंडावर कौतुक घेऊन. याआधीच्या प्रत्येक उड्डाणालाही ते 'मस्त गेला' म्हणाले होते. त्यातलं एकही त्यांना दिसलं नव्हतं.

भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली किती टिकेल तेही सांगता येत नाही. परतताना मी विचारलं, आता नेमकं काय दिसतं? बाबा म्हणाले, "दिवसा आभाळ चुन्यावानी पांढरं दिसते. अंधारात दिवा असला तं दिसते." मग एसटीच्या खिडकीबाहेर बघत, "एकदा तरी पाहाले भेटलं असतं तुयं रॉकेट."

म्हणून रात्रीचं रॉकेट. यात काही थोर नव्हतं, मोडकं घरात पडलं होतं आणि दुरुस्तीला दुसरा मुहूर्त लागत नव्हता. चेंगरलेला भाग कापून टाकला आणि साडीच्या दुकानातून आणलेल्या, कापड गुंडाळायच्या नळीचा तुकडा जोडला. टोपण पाण्याच्या बाटलीच्या तोंडाचं केलं, म्हणजे आतला दिवा बाहेर दिसेल. दिवा बाबांच्याच जुन्या, डोक्याला बांधायच्या बॅटरीतला. त्याला बायकोची लाल नेलपॉलिश फासली. ती म्हणाली, "माह्या नखाले नाही लावत, रॉकेटले लावता." तणसाऐवजी कागद घेतला, कॅरमवरची बोरिक पावडर पाण्यात कालवून त्यात भिजवला आणि वाळवला. तो जळत नाही. हे मला आधीपासून माहीत होतं, पण हात तणसाकडेच गेला होता.

धानाच्या लोंब्या पोटरीतून बाहेर आल्या की आमच्याकडे रात्रीची जागल सुरू होते. रानडुकरं येतात, म्हणून शेताशेतांत मचानीवर माणसं बसतात. कुठे काही हललं, उजेड दिसला, की एक जण बॅटरी हलवतो आणि बाकीचे आपापली हलवून उत्तर देतात, म्हणजे सगळे जागे आहेत असं कळतं. बाबांनी आयुष्यभर हेच केलं. यंदा पहिल्यांदाच त्यांची मचान रिकामी होती.

दिवेलागण झाल्यावर आम्ही तलावाच्या पाळीवर, उंच काठावर गेलो. मचानवाल्यांना आधीच सांगून ठेवलं होतं, नाहीतर कुणी काठी घेऊन धावला असता. बाबांना खुर्चीत बसवलं. मी बटण दाबलं. फुस्स आवाज झाला, पायाशी झगझगीत उजेड पडला. रॉकेटकडे बघायचं सोडून मी बाबांच्या तोंडाकडे बघत राहिलो. वर बघितलं तेव्हा आभाळ काळं होतं. दिवा कुठेच नव्हता. झालं, दिव्याची तार सुटली, असं मला वाटलं.

तेवढ्यात शेतांमधून एक बॅटरी हलली. मग दुसरी, मग चहूकडून. रॉकेट सुटतानाच्या उजेडाला सवयीनं सगळ्यांनी उत्तर दिलं होतं.

"उजेड दिसून राहिला," बाबा म्हणाले.

"हो बाबा," मी म्हणालो. "तेच रॉकेट."

बाबा माझ्याकडे वळले. "काहून लबाड बोलून राहिला? थ्या जागलीच्या बॅटऱ्या आहेत. कोनाची मचान कुठं हाये, मले मालूम नाही का?" मग त्यांनी हात वर केला, तलावाच्या दिशेनं. "थो पाह्य. लाल."

त्यांच्या बोटाच्या रोखानं मी पाहिलं. लाल ठिपका पॅराशूटखाली झोके घेत उतरत होता. बाबांचं बोट त्याच्याबरोबर हळूहळू खाली आलं आणि पाण्याशी थांबलं.

आता ते 'मस्त गेला' म्हणतील म्हणून मी वाट बघत होतो.

"वाकडा गेला," बाबा म्हणाले. "जाताजाताच उजव्या अंगाले झुकला. पंख नीट बसवले नाहीस."

माझ्या कुठल्याही कामाचं एवढं चांगलं कौतुक आजवर झालेलं नाही.