पाटी तीनची, मोटार पाचची

सोपान गेल्याची बातमी मला शाळेत कळली. दहावीच्या वर्गावर होतो. शिपाई दारात येऊन म्हणाला, "सर, शेळगावहून फोन आलाय." फोनवर त्याचा धाकटा भाऊ होता. "सुदादादा, दादा गेला... रानात छातीत कळ आली, बारामतीला नेईस्तवर संपलं सगळं." मी फोन ठेवला, वर्गावर परत गेलो आणि फळ्यावर अर्धवट राहिलेलं गणित पुरं केलं. का केलं, ते महिना उलटून गेला तरी सांगता येत नाही. पोरं माझ्याकडे बघत होती, मी फळ्याकडे बघत होतो.

पुढच्या आठवड्यात गावात शोकसभा झाली. तालुक्यातून माणसं आली होती. कुणी म्हणालं, तालुक्याचा आवाज हरपला. कुणी म्हणालं, वीज असो, पाणी असो, सोपानराव बोलायला उभे राहिले की माणूस जागचा हलत नसे. सगळं खरं होतं. फक्त तो आवाज सोपान मरायच्या कितीतरी आधी बंद पडला होता, आणि तो का बंद पडला हे समोर बसलेल्या निम्म्या गावाला ठाऊक होतं. कुणी बोललं नाही. मला उभं केलं तेव्हा मीही कॉलेजातल्या दोन गमती सांगितल्या आणि खाली बसलो. तिथं जे सांगायला हवं होतं ते हे.

आम्ही दोघं एकाच वर्षी बारामतीच्या कॉलेजात गेलो. त्याच्या घरात दोन पिढ्यांमागे नुसती मेंढरं होती. त्याचे वडील, ज्यांना सगळं गाव तात्या म्हणतं, तेही तरुणपणी कळपामागं हिंडलेले, विहिरीला पाणी लागल्यावर शेतीला लागलेले. आमच्या बौद्ध वस्तीतला पहिला बी.एस्सी. मी, त्याच्या भावकीतला पहिला पदवीधर तो. हे मी आजही मिरवून सांगतो, कारण ते फुकट मिळालेलं नाही. वादविवाद स्पर्धेला मुद्दे मी काढायचो, बोलायचा तो. पहिल्याच स्पर्धेत तो व्यासपीठावर चढला तेव्हा मागून कुणीतरी ओरडलं, "मेंढरं कुठं ठेवून आलास रे?" सोपाननं माईक सरळ केला. "आणल्यात की संगट. समोरच बसल्यात." सभागृह हसून हसून लोळलं, आणि मग अणुवीज हवी की नको यावर तो असा बोलला की परीक्षकांनी लिहायचं थांबवून ऐकलं.

मी मास्तर झालो, तो शेतीला गेला. पण त्याची जीभ काही शेतीत रमेना. नव्वदच्या पुढची ती वर्षंच तशी होती. कोकणातला वीज प्रकल्प हवा की नको, पृथ्वी तापतेय हे खरं की परदेशी लोकांचं सोंग, शेतीपंपाला मीटर लावावा की नाही... सलूनपासून दूध डेअरीच्या रांगेपर्यंत हेच. सोपाननं तरुण मंडळाला पटवलं आणि गावच्या जत्रेत कुस्त्यांच्या दुसऱ्या दिवशी वादाचा फड सुरू केला. नियम त्याचाच: ऐकणाऱ्यानं कधीही उठून प्रश्न विचारावा, आणि त्याचं सरळ उत्तर दिल्याशिवाय वक्त्यानं पुढं बोलू नये. वरकुट्यापासून काटेवाडीपर्यंतची माणसं हा फड बघायला येऊ लागली.

एका वर्षी विषय होता शेतीपंपाचा मीटर. शहरातल्या वाचकांसाठी सांगतो, आमच्याकडे विजेचं बिल वापरावर नव्हतं, मोटार किती हॉर्सपॉवरची आहे त्यावर होतं. मग मोटार पाचची घ्यायची आणि वर पाटी तीनची ठोकून घ्यायची, ही रीतच पडली होती. पाटी बदलून देणारे कारागीरही होते. त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं, मलाही नाही.

आमच्या जुन्या प्राध्यापकांना मी मुद्दाम बारामतीहून आणून पुढं बसवलं होतं. सोपान मीटरच्या बाजूनं बोलत होता. "कोळसा जळतो तिकडं लांब, हितं आपण मोटार चालू करून झोपतो, विहीर आटते, अन् धूर चढतो साऱ्या जगाच्या डोक्यावर. फुकटाच्या विजेला मालक नसतो, म्हणून तिची राखण कुणी करत नाही." मागून आवाज आला, "मग सोप्या, आधी तुझ्या घरचा पंखा बंद कर!" तो हसला, "बंदच हाय, लाईट कुठाय?" माणसं रंगात आली. तेवढ्यात तात्या उठले.

"वक्ते, येक इचारू का?"

"इचारा की, तात्या."

"आपल्या हिरीवरली मोटार कितीची हाय?"

"पाटी तीनची हाय."

"पाटी न्हाय इचारली. मोटार इचारली."

नियम त्याचाच होता. तो म्हणाला, "पाचची."

हशाचा भडका उडाला. शिट्ट्या वाजल्या. तात्या मात्र गोंधळून इकडंतिकडं बघत होते. पोराला खाली पाडावं असं त्यांच्या मनात नव्हतं, त्यांना वाद जिंकायचा होता. "हसताय कशाला?" ते ओरडले. "ज्याची मोटार पाटीयेवढी हाय त्यानं हात वर करा की!" एकही हात वर गेला नाही. "मेंढरं व्हती तवा चराईची पट्टी घ्यायला सरकारी माणूस आला की आमी निम्मी मेंढरं वढ्यात दडवायचो. सरकारला कमी सांगायचं, ह्ये आमच्या हाडात हाय. मीटर आला की वढ्यातली मेंढरं वर येत्यात. म्हणून मीटर नगं. एवढंच म्हणायचं व्हतं मला." सोपान म्हणाला, "तात्या, तुमी जिंकलात," आणि खाली उतरला. मला प्राध्यापकांच्या तोंडाकडे बघवेना. राग आला होता तो तात्यांचा. चारचौघांत घरातलं काढायचं असतं का, असं मी तेव्हा सोपानला म्हणालोसुद्धा. तो म्हणाला, "सुदा, त्येंनी प्रश्न इचारला. चुकलं काय त्यात?"

दुसऱ्या दिवशी तो इंदापूरला वीज कचेरीत गेला आणि मोटार पाचची असल्याचा अर्ज देऊन आला. तिथल्या माणसानं त्याला सांगितलं, चांगलं केलंत, आता तुमच्या डीपीवरच्या सगळ्याच मोटारी तपासाव्या लागतील. डीपी म्हणजे आमच्या रानातला ट्रान्सफॉर्मर. तेवढ्या एकावर सगळ्या शिवाराच्या मोटारी. ही गोष्ट सोपानच्या आधी गावात पोचली. संध्याकाळी त्याच्या अंगणात भावकी जमली. "टाळ्या तू घ्यायच्या अन् दंड आमी भरायचा व्हय रं?" "एवढं खरं बोलायचं व्हतं तर कीर्तनकार व्हायचं हुतंस." माझे वडील त्या गर्दीत गेले नाहीत. आमचीही मोटार त्याच डीपीवर होती. ते मला म्हणाले, "तुझा दोस्त हाय. तुझं ऐकंल."

आणि त्यानं माझं ऐकलं. भावकीचं नसतं ऐकलं, तेवढा हट्टी होता. मी त्याला काय सांगितलं? सांगितलं की भाषण वेगळं आणि गाव वेगळं. सांगितलं की एकट्यानं खरं होऊन उपयोग नसतो. विज्ञान शिकवणारा माणूस मी, बोलणं कसं गुळगुळीत करावं हे मला कळत होतं. तो म्हणाला, "संगं येशील?" मी त्याच्याबरोबर इंदापूरला गेलो. त्यानं अर्ज मागं घेतला. बाहेर आल्यावर मी दोन चहा सांगितले. त्यानं कप हातात धरला, प्यायला नाही.

त्याच उन्हाळ्यात डीपी जळला. जळणारच होता. कागदावर सगळ्या मोटारी तीनच्या, म्हणून डीपीही तेवढ्यापुरताच दिलेला. आणि लाईट आली की पाचच्या पाचच्या मोटारी एकदम सुरू व्हायच्या. नवा यायला इतके दिवस लागले की उभा ऊस वाळून वैरण झाला. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत जळका डीपी घालून आम्ही सगळ्यांनी मिळून तो इंदापूरच्या कचेरीत पोचवला. माणसं वायरमनला शिव्या देत होती, मंत्र्याला देत होती. कारण काय, ते ट्रॉलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं. सोपान डीपीला टेकून बसला होता. त्यानंतर जत्रेत फड झाला नाही. व्याख्यानाला बोलवायला माणसं यायची तर तो म्हणायचा, "घसा बसलाय." भेटलो की आम्ही पोरांचं बोलायचो, पावसापाण्याचं बोलायचो. मीटरचं, विजेचं, पृथ्वी तापण्याचं पुन्हा कधी निघालं नाही. मी काढलं नाही. मला ते सोयीचं होतं.

परवा रविवारी त्याच्या रानात गेलो. त्याची बायको, सुमनवहिनी, विहिरीपाशी स्टार्टरच्या पेटीजवळ बसल्या होत्या. गप्पा चालू असताना लाईट आली. शेजारच्या रानातली मोटार सुरू झाली, मग पलीकडची, मग ओढ्याच्या अंगची. वहिनी स्टार्टरवर हात ठेवून नुसत्या बसलेल्या. मला वाटलं, दुःखात ध्यान नसेल. म्हणालो, "वहिनी, लाईट आली. चालू करा की."

"थांबा भावजी. अजून वस्तीवरली झाली न्हाय."

वस्तीवरली म्हणजे आमची. माझ्या भावाची.

"समद्यांच्या झाल्यावर आपली. डीपी जळाला तवापास्नं त्येंनी ह्येच केलं. म्हणायचे, खरा आकडा लिवून देता आला न्हाय, निदान भार तरी शेवटी टाकू." त्या थोडं हसल्या. "आमचं रान कायम शेवटी भिजायचं. लोक म्हणायचे, सोपान आळशी हाय. ह्येंनी कुणाला सांगितलं न्हाय. तुमाला म्हायती आसंल, मला वाटलं."

मी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, मलाच कळलं नाही... आम्ही दोघं आमच्या मोटारीचा आवाज यायची वाट बघत बसलो. भाऊ कुठं गेला होता कोण जाणे, लवकर आला नाही. शेवटी वस्तीकडून घरघर ऐकू आली. वहिनी अजून जरा थांबल्या, आणि मग त्यांनी हिरवं बटण दाबलं.