दोघांपुरती शेवंती

चूक माझीच. मखमलाबादच्या मळ्यात मी रोज फुलं घ्यायला जातो. नव्या वादग्रस्त कायद्याखाली तिथल्या फुलवाल्या ताईंचा नवरा आरोपपत्राशिवाय तुरुंगात होता; कायद्याला हायकोर्टात आव्हान दिलेलं होतं. मी शहाणपणानं म्हणालो, "कोर्ट कायदा उचलूनच धरणार, ताई."

आधी हसायचं आणि मग बोलायचं, ही त्यांची सवय. हसून म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही जज नाय, तेच बरंय." आणि त्यांनी दुप्पट शेवंती लावली. म्हणे, तोडायला दोघं असू.

हायकोर्टानं कायदा रद्द केला. आज नवरा-बायको दोघंही फुलं तोडत होती.

"आत बसून ह्यांचा हात लय ढिला झालाय," ताई हसत म्हणाल्या. नवराही हसला.

मी पाटी खाली ठेवली. "ताई, तुमची आशा मोडायला निघालो होतो. माफ करा मला."