टॉवेलमागचा चेंडू

रविवार, १२ एप्रिल २०२६, बेडोक, सिंगापूर. सकाळपासून उकाडा. मराठी मंडळाच्या क्रीडास्पर्धा ईस्ट कोस्ट पार्कात झाल्या. मी लिंबू-चमच्याची परीक्षक. समोरच्या मधुवंतीचा गुडघा खो-खोत खरचटला. तिची यादी संध्याकाळी अमेरिकेला गेली. सकाळी ठरली होती ती मात्र नव्हे.

त्या दिवशी एवढंच लिहिलं. आमच्या कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर बर्नाडेट सांगायच्या, आधी घडलं ते लिहा, वाटलं ते मागाहून. आता मागाहून लिहिते आहे.

मधुवंती करंदीकर आमच्या मजल्यावर समोरच्या फ्लॅटमध्ये राहते. मूळची पुण्याची, वय बेचाळीस, एका जहाज कंपनीत अकाउंट्स बघते. एकटी राहते. त्याबद्दल कुणी हळहळलं, तर त्याला चहा देऊन ती अमेरिकन फुटबॉल समजावून सांगते. तो माणूस पुन्हा हळहळत नाही.

मीही एकदा हळहळले होते, त्यामुळे मला तो खेळ थोडा समजतो. कंपनीने तिला एक वर्ष ओहायोला पाठवलं होतं. तिथल्या थंडीत तिला या खेळाची गोडी लागली ती सुटलीच नाही. शरद ऋतूत तिकडे शनिवारी कॉलेजांचे सामने असतात, तेव्हा आपल्याकडे रविवारची सकाळ उजाडलेली असते. मी पोहे घेऊन जाते, ती टीव्ही लावते. दर एप्रिलमध्ये तिकडचे व्यावसायिक संघ कॉलेजातून निघालेल्या मुलांना आळीपाळीने निवडून घेतात. त्याला ड्राफ्ट म्हणतात. कोणता मुलगा किती चांगला, याच्या याद्या हौशी लोक महिनोन्‌महिने करत बसतात. अमेरिकेतल्या अशाच एका हौशी मंडळींच्या वेबसाइटवर मधुवंती कित्येक वर्षं वाचकांच्या रकान्यात भांडत होती. यंदाच्या हंगामासाठी संपादकाने तिला कळवलं, लाइनबॅकरांची यादी तूच कर, तुझ्या नावाने छापतो. जमली तर पुढच्या वर्षीही तुझीच.

त्या दिवशी ती अनवाणीच माझ्या दारात धावत आली. प्रमोशन मिळालं तेव्हा नुसते पेढे दिले होते.

लाइनबॅकर म्हणजे बचाव करणाऱ्यांच्या पहिल्या फळीमागे तीन-चार पावलांवर उभा असतो तो. चेंडू हलला की त्याला क्षणात ठरवावं लागतं, समोरचे चेंडू घेऊन पळणार की लांब फेकणार. पळणार असतील तर पुढे धावायचं, फेकणार असतील तर मागे हटायचं. मधुवंती शाळेत खो-खो खेळलेली. तिचं म्हणणं, सगळं पहिल्या पावलात असतं.

"काकू, चेंडू बघितला की डोळा फसतो. पाय बघायचे," ती म्हणायची. म्हणून नोव्हेंबरात तिने माझा निळ्या पट्ट्यांचा टॉवेल मागून नेला आणि टीव्हीच्या वरच्या अर्ध्या भागावर टाकला. बचाव करणाऱ्यांच्या पाठीमागून घेतलेलं चित्रण ती बघायची. त्यात वर चेंडू आणि समोरचा संघ, खाली आपले लाइनबॅकर. टॉवेलखाली नुसते पाय पळताना दिसत. मला ते लग्नघरात पडद्याखालून पाहुण्यांचे पाय मोजण्यासारखं वाटायचं.

या पद्धतीने तिने चव्वेचाळीस नंबरच्या मुलाला पहिला ठरवलं. त्याचं नाव मला कधीच नीट घेता आलं नाही. पाऊल उचललं की उचललं, चलबिचल नाही. "हा माझ्या शाळेच्या खो-खो संघात असता ना, तर आम्ही जिल्हा मारला असता," ती म्हणायची.

तिच्या ऑफिसातला अंकुर हाही या खेळाचा वेडा. त्याला तो मुलगा पसंत नव्हता.

"मधू, तो पोरगा भोळा आहे. चेंडू दिल्यासारखं करतात आणि देत नाहीत, तरी हा धावतोच."

"तू चेंडू बघतोस, म्हणून तुला असं वाटतं."

"चेंडूचाच खेळ आहे, बाई!"

यादी रविवारी संध्याकाळपर्यंत पाठवायची होती. शनिवारी ती लिहून तयार होती, चव्वेचाळीस पहिला.

रविवारी लिंबू-चमचा आटोपल्यावर मोठ्यांचा खो-खो सुरू झाला. खांब नव्हते, म्हणून दोन टोकांना पाण्याचे कॅन ठेवले होते. अंकुर पळणारा, मधुवंतीचा संघ पकडणारा. मधुवंतीला खो मिळाला आणि ती अशी उठली की पोरंसुद्धा ओरडायची थांबली. अंकुरने उजवीकडे खांदा टाकला. ती उजवीकडे सुटली. त्याने तिथल्या तिथे गिरकी घेतली आणि बसलेल्यांच्या मधून डावीकडे निघून गेला.

आता खो-खोत एकदा दिशा घेतली की खांबापर्यंत मागे वळता येत नाही. वळलं की फाउल. तिला पुढच्या माणसाला खो देता आला असता, पण पुढे मंडळातल्या सविताताई बसल्या होत्या, हातात मोबाइल.

"खो!"

"थांब गं, व्हिडिओ चालू आहे!"

मधुवंती सविताताईंना चुकवायला गेली आणि पाण्याच्या कॅनसकट गवतावर आडवी झाली. पलीकडून अंकुर दोन्ही हात वर करून नाचत होता.

"बघ, बघ! अगदी तुझा चव्वेचाळीस नंबर!"

सगळे हसले, तीही हसली. मी गुडघ्यावर पाणी ओतत होते, तिचं लक्ष नव्हतं.

"काकू, मी त्याला खो-खोचे मार्क दिले," ती म्हणाली. "मागे वळत नाही म्हणून दिले. पण तिथे वळायला परवानगी आहे हो! वळायचंच असतं!"

"मग बदल यादी."

"पहिलाच बदलायचा? आज? तिकडे सगळ्यांना सांगून बसलेय मी. अंकुर तर वर्षभर जगू देणार नाही."

"तो तसाही देणार नाही."

घरी येऊन तिने आंघोळही केली नाही. टीव्हीवरचा टॉवेल ओढून सोफ्यावर फेकला आणि अंकुरला फोन करून बोलावून घेतलं. तो हॉकर सेंटरमधल्या खाण्याच्या स्टॉलवरून तिघांसाठी नूडल्स घेऊन आला. माझ्या शाकाहारी होत्या, हे त्याचं बरं. सामन्यांमागून सामने पाहिले. आता मलाही दिसत होतं. समोरचा खेळाडू चेंडू देण्याचं नुसतं सोंग करायचा आणि चव्वेचाळीस छाती काढून पुढे धावायचा. चेंडू त्याच्या डोक्यावरून मागे जायचा. नऊ नंबरचा एक हडकुळा मुलगा मात्र पाव पाऊल टाकून थांबायचा, बघायचा आणि मग वळायचा. तिने त्याला आधी पाचवा ठेवला होता, "कचरतो" असा शेरा मारून.

"कचरत नाही हा," ती पुटपुटली. "वाचतो."

अंकुरने टोमणा मारायला तोंड उघडलं. मी त्याच्या पुढ्यात लोणच्याची बरणी सरकवली.

तिने नऊ नंबरला पहिला केला, चव्वेचाळीसला चौथा. कारणही लिहिलं, झाकलं नाही. आमच्याकडे एक खेळ आहे, त्यात मागे वळणं हा गुन्हा असतो. मी त्या चष्म्यातून बघत होते आणि आज सकाळी स्वतःच तशी फसून पडले. पाठवल्यावर म्हणाली, "संपलं काकू. पुढच्या वर्षी कोण विचारतंय! परीक्षकच म्हणतेय, मी चुकले होते."

काल, शनिवारी सकाळी, ड्राफ्टच्या दुसऱ्या फेरीच्या वेळी आम्ही तिघं पुन्हा तिच्याकडे. मी उपमा केला होता. आमच्या दोघा लाइनबॅकरांत आधी नाव पुकारलं गेलं ते चव्वेचाळीसचं. अंकुर उशीत तोंड खुपसून हसायला लागला.

"अरे, मी ज्याला भोळा म्हणत होतो, तोच आधी गेला!"

"शिकवतील त्याला वळायला," मधुवंती म्हणाली, पण उपम्याचा घास हातातच राहिला होता. थोड्या वेळाने नऊ नंबरचंही नाव आलं. तिने टाळ्या वाजवल्या, जरा हळूच.

दुपारी संपादकाचा निरोप आला. तो तिने माझ्या दारात उभी राहून मोठ्याने वाचला. तुझ्या यादीवर वाचक सर्वांत जास्त भांडले; खो-खोचा परिच्छेद तर काहींनी आपल्या प्रशिक्षकांना पाठवला. पुढच्या वर्षी लाइनबॅकर तुझेच. आणि त्या खेळाचे नियम एकदा सविस्तर लिही.

"अंकुरला सांगितलंस?"

"सांगितलं. म्हणाला, मानधन म्हणून त्याचा फोटो छापा."

जाताना तिने एक पिशवी माझ्या हातात दिली.

संध्याकाळची नोंद: निळ्या पट्ट्यांचा टॉवेल परत आला. एका कोपऱ्याला नूडल्सच्या सॉसचा डाग, गरम पाण्यात भिजत घातला.