गोदूमावशीचा गोलकीपर

गोदूमावशीच्या घरातून कोणीही निघालं, की ती उंबऱ्यापर्यंत यायची आणि म्हणायची, "जपून जा रे, निसरडं आहे." मे महिन्यात, गल्लीतले दगड तव्यासारखे तापलेले असतानाही. पहिल्यांदाच आलेला माणूस गोंधळून पायांखाली बघायचा. आम्ही दूधविनायक मोहल्ल्यातले लोक "हो मावशी" म्हणायचो आणि चालू लागायचो. ती असं का म्हणते ते गल्लीत सगळ्यांना माहीत होतं, त्यामुळे कोणी हसायचं नाही.

गेल्या थंडीत ती गेली. मुलींच्या शाळेत संस्कृत शिकवून निवृत्त झालेली ही बाई, किडकिडीत, गालात कायम पान, आणि आवाज असा की पंचगंगा घाटावरच्या नावाड्याने वळून बघावं. वेड मात्र फुटबॉलचं! सामना असला की तिच्या बाहेरच्या खोलीत पाय ठेवायला जागा नसायची. घाटावरचे मल्लाह म्हणजे नावाडी, पीलीकोठी मोहल्ल्यातले विणकर, आमच्यासारखे उत्तरेतल्या या तीर्थाच्या गावी पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले चार मराठी, सगळे टीव्हीसमोर मांडी ठोकून. पंचाने चुकीचा निर्णय दिला की मावशी त्याला संस्कृतात शिव्या घालायची. कळायच्या कोणाला नाहीत, पण सगळे खूष व्हायचे.

पण माणसं जमायची ती टीव्हीसाठी नव्हे. टीव्ही आता कोणाकडे नाही? माणसं जमायची सामन्याच्या आधी. कोणीतरी विचारायचं, "मौसी, कौन जीतेगा?" मग मावशी पान थुंकून यायची, पदर सारखा करायची आणि म्हणायची, "थांबा, विचारून सांगते." ती मागच्या खोलीच्या पडद्याआड जायची. बाहेर आवाज बंद. आतून तिचं हलकं बोलणं ऐकू यायचं, मग बराच वेळ काहीच नाही, मग एक "बरं." ती बाहेर येऊन निकाल सांगायची. तो चुकलेला मी पाहिला नाही.

मागच्या खोलीत कोणी नव्हतं. मुकुंदची खाट होती, खिडकीजवळ त्याची खुर्ची होती आणि खुंटीवर त्याचे गोलकीपरचे हातमोजे होते.

मुकुंद तिचा एकुलता एक मुलगा, माझ्या बरोबरीचा. आम्ही दोघे घाटाच्या टीममध्ये होतो. तो गोलकीपर, मी डावीकडे बचावाला, म्हणजे चेंडू माझ्या पायातून सुटला की त्याच्या शिव्या खायच्या. पेनल्टीच्या आधी त्याची एक खोड होती. डाव्या खांबावर बोटांच्या पेरांनी दोनदा वाजवायचा, टक टक, दार वाजवावं तसं. घरी आल्यावरही कडी न वाजवता तसंच दोनदा. आतून मावशी ओरडायची, "आले रे!"

वीसेक वर्षांपूर्वीच्या कार्तिकात प्लेऑफ होता, जिंकेल तो अंतिम सामन्यात. आम्ही घाटवाले विरुद्ध स्टेशनपलीकडचे कॉलनीवाले. बरोबरी झाली, पेनल्टी घ्यायच्या तर उजेड गेला, चेंडू दिसेना. सामना पुन्हा घ्यायचं ठरलं. त्या फेरसामन्याच्या दिवशी पहाटे मुकुंद आईला न उठवता स्नानाला गेला. पुराचं पाणी नुकतंच उतरलेलं, पायऱ्यांवर गाळ. वरून एकाने त्याला घसरताना पाहिलं, बस. शंकर मल्लाहने, आमच्या टीमच्या सगळ्यात मोठ्या घशाच्या पाठीराख्याने, होडी घेऊन राजघाटाच्या पुलापर्यंत नदी पालथी घातली. मुकुंद सापडला नाही. आम्ही सामना सोडून दिला.

कार्तिकात पंचगंगेवर उंच बांबूंना टोपल्या बांधून त्यांत दिवे चढवतात, आकाशदीप. गेलेल्यांना वाट दिसावी म्हणून. मुकुंदच्या नावाने दिवा लावू या असं घाटावरचे गुरुजी दरवर्षी म्हणायचे. मावशी दरवर्षी तेच सांगायची, "तो गेलेल्यांसाठी असतो. माझा घरात आहे."

मी शाळेत विज्ञान शिकवतो. मला असल्या गोष्टींचा भयंकर राग. मावशी रात्रंदिवस फुटबॉल बघते, खेळ तिला कळतो, म्हणून अंदाज बरोबर येतात, हे मी सगळ्यांना समजावून दमलो. एकदा मोठ्या स्पर्धेचा अंतिम सामना होता. मावशी पडद्यामागून आली आणि म्हणाली, "पिवळ्यांचा गोलकीपर मध्यंतराच्या आधी रडत बाहेर जाणार. खांदा. बिचारा!" मध्यंतराला थोडा वेळ उरला असताना त्या गोलकीपरचा खांदा निखळला आणि तो डोळे पुसत मैदानाबाहेर गेला. सगळे हळूच पडद्याकडे बघायला लागले. पंखा बंद होता, खिडकी बंद होती आणि पडदा हलत होता. मी उठून म्हणालो, "अहो, गल्लीतून वारा येतो."

आणि ते हातमोजे. दर कार्तिकात ते ओले व्हायचे. एकदा वरचं डबडं काढून द्यायला मी आत गेलो आणि माझा हात त्यांना लागला. गार, ओले, नदीच्या गाळाचा वास. मी म्हणालो, "मावशी, भिंतीला ओल आहे." ती म्हणाली, "असेल रे बाबा. तू शिकलेला."

लोक मग दुसरंच विचारायला यायचे. मुलीचं जमेल का, मुलगा पास होईल का. मावशी हाकलून द्यायची. "त्याला काय कळतंय त्यातलं? चेंडूचं विचारा. बाकीचं मंगलागौरीला विचारा, ती इथे जवळच देवळात बसली आहे."

परवाच्या, म्हणजे तिच्या शेवटच्या कार्तिकात, घाटवाले पुन्हा प्लेऑफला पोचले. समोर कोण? कॉलनीवाले. इतक्या वर्षांत प्लेऑफमध्ये पहिल्यांदाच. पुन्हा बरोबरी, पुन्हा उजेड गेला, पुन्हा सामना आठवड्याने घ्यायचं ठरलं. मैदानावरून परतताना टोटोत, म्हणजे बॅटरीच्या रिक्षात, शंकर बोटांवर वर्षं मोजत होता. माझ्या अंगावर काटा आला होता, खोटं कशाला सांगू?

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सगळे मावशीकडे जमले. जो तो अंदाज सांगत होता. कॉलनीचा सेंटर फॉरवर्ड दुखावलाय, आपण जिंकणार. छे, त्यांचा बचाव पक्का आहे, आपण मार खाणार. आमचा गोलकीपर इरफान, पीलीकोठीचा विणकर, कोपऱ्यात नखं खात बसला होता. शेवटी शंकर म्हणाला, "मौसी, भइया से पूछ लीजिए न."

मावशी आत गेली. आम्ही वाट बघितली. "बरं" आलंच नाही. ती बाहेर आली तेव्हा चेहरा पांढराफटक होता.

"सांगत नाही तो."

"म्हणजे?" मी विचारलं.

"एवढंच म्हणाला, आई, या वेळी मी खेळतोय. खेळणाऱ्याने निकाल सांगायचा नसतो." मग तिने सगळ्यांकडे एकदा बघितलं. "जा आता घरी."

चपला घालताना मी थांबलो होतो, नेहमीचं वाक्य ऐकायला. त्या संध्याकाळी ती ते म्हणाली नाही.

मग तिने दार लावून घेतलं. पाठीराखे ओट्यावर घिरट्या घालायचे, काही सांगितलं का, काही बोलला का. मी चिडून एकेकाला पिटाळलं. अरे, बाई आहे का आकाशवाणी! सामन्याच्या आदल्या दुपारी मी दार ठोठावलं आणि ते उघडेपर्यंत हललो नाही.

मावशीने मला मागच्या खोलीत नेलं. खुंटी रिकामी होती. तिने खाटेखालची पत्र्याची पेटी ओढली, कमरेची किल्ली काढून कुलूप उघडलं आणि हातमोजे माझ्या हातात दिले. त्यांच्यातून पाणी गळत होतं. माझ्या पायाशी थारोळं झालं. पेटीतल्या साड्या मात्र कोरड्या ठणठणीत.

"त्या संध्याकाळपासून आत आहेत, कुलपात," ती म्हणाली. "पेटीलाही ओल येते का रे, सायन्सवाल्या?"

मी वाकून पेटीचा तळ चाचपला, तोही कोरडा.

"खेळायचा राहिलाय म्हणून थांबलाय तो, सदू. इतकी वर्षं मला वाटायचं, माझ्यासाठी थांबलाय." तिने पदराने तोंड पुसलं. "हे दिले की तो खेळणार. आणि खेळला की जाणार. मग मी कोणाशी बोलू?"

"मग देऊ नकोस," मी म्हणून गेलो. मी! जन्मभर हे सगळं थोतांड म्हणणारा मी. म्हणालो आणि स्वतःच दचकलो.

ती खुर्चीकडे बघत बसली. खुर्ची रिकामीच होती, पण मला तिकडे बघवेना. मग ती म्हणाली, "रोज संध्याकाळी खिडकीशी बसतो. पोरं चेंडू घेऊन जातात, तर मान वळवून बघत राहतो. मी बाजारात गेले तरी तो आपला इथेच. मी आई आहे का त्याची पहारेकरीण?" आणि मग तिला रडू फुटलं. माझ्या लहानपणापासूनच्या ओळखीत मी तिला रडताना पाहिलं नव्हतं, मुकुंद बुडाला तेव्हाही नाही. मीही रडलो. काय करणार होतो?

दुसऱ्या दिवशी ती आमच्याबरोबर टोटोत बसून मैदानावर आली, मांडीवर हातमोजे घेऊन. इरफानला बोलावून तिने स्वतः ते त्याच्या हातात चढवले. एवढंच म्हणाली, "बेटा, आज ये पहन ले." इरफान मोठ्यांचा शब्द न मोडणारा माणूस. त्याने एकदा मुठी वळल्या, चमकून मावशीकडे पाहिलं आणि गोलकडे गेला.

आम्ही तिला रेषेजवळ, गोलच्या बाजूला खुर्ची दिली. ती एक शब्द बोलली नाही. पंचाला शिवीसुद्धा दिली नाही. आमचा एक गोल झाला, शंकर नाचला, मावशी तशीच बसून. शेवटी शेवटी, उजेड कमी व्हायला लागला असताना, आमच्या एकाचा हात चेंडूला लागला आणि कॉलनीवाल्यांना पेनल्टी मिळाली.

त्यांचा खेळाडू चेंडू ठेवून मागे सरला. इरफान गोलच्या मधोमध उभा होता. मग तो डाव्या खांबापाशी गेला, हात उचलला आणि पेरांनी दोनदा वाजवलं.

टक टक.

मुकुंद बुडाला तेव्हा इरफान चालायला शिकत असेल. त्याने मुकुंदला कधी पाहिलेलं नाही. ही खोड आम्ही त्याला कधी सांगितली नव्हती, मी एकेकाला विचारून खात्री करून घेतली आहे.

आणि माझ्या शेजारून, स्वयंपाकघरातून यावा तसा मावशीचा आवाज आला, "आले रे!"

इरफान डावीकडे झेपावला. चेंडू त्याच्या हातांना लागून बाहेर गेला. पुढचा गोंधळ मला आठवत नाही. पोरं मैदानात धावली, शंकर माझ्या गळ्यात पडला. इरफान मात्र गर्दीतून वाट काढत सरळ मावशीपाशी आला, गुडघ्यावर बसला आणि हातमोजे काढून तिच्या मांडीवर ठेवले.

"मौसी," तो म्हणाला, "इसमें पहले से किसी का हाथ था."

मावशीने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. मी हातमोज्यांना हात लावला. तासभर घाम गाळलेल्या माणसाच्या हातातून निघालेले ते हातमोजे खडखडीत कोरडे होते.

अंतिम सामना पुढच्या रविवारी होता. आदल्या संध्याकाळी पुन्हा सगळे जमले, पुन्हा कोणीतरी विचारलं. मावशी उठली. "थांबा, विचारून सांगते," असं म्हणून पडद्याआड गेली. आतून तिचा आवाज आला. "मुकू?" मग थोड्या वेळाने पुन्हा, "मुकू?" पडदा जराही हलला नाही.

ती बाहेर आली, टीव्हीसमोर बसली आणि म्हणाली, "आपण जिंकणार रे."

आम्ही चार गोलांनी हरलो. गल्लीत सुतक असल्यासारखी माणसं परतली. मावशी दारातच उभी होती. मला बघून ती हसली, डोळ्यांत पाणी आणि तरी हसत होती. "सदू, चुकलं बघ माझं," ती म्हणाली. "सपशेल चुकलं."

कार्तिक संपायला थोडे दिवस उरले होते. दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला ती माझ्या दारात आली, हातात पणती, तेल, वात. "घाटावर चल. मला दोरी ओढायला कोणीतरी हवं."

पंचगंगेवर बांबू रांगेने उभे होते, पायऱ्यांवर अजून गाळ होता. तिला हाताला धरून मी खाली नेलं. गुरुजींनी मुकुंदचं नाव घेतलं. मावशीने टोपलीत पणती ठेवली, ज्योत जरा सारखी केली. मी दोरी ओढायला लागलो. टोपली हलत हलत वर निघाली, तिच्या कपाळापर्यंत, मग तिच्या हातापलीकडे. मावशीने मान वर केली आणि मुकुंद बुडाल्यापासून जे वाक्य ती साऱ्या गल्लीला ऐकवत आली होती ते पहिल्यांदा त्याला म्हणाली.

"जपून जा रे, निसरडं आहे."