कॅटेगरीवाले उभे राहा

"कॅटेगरीवाले उभे राहा. बाकीच्यांनी पुस्तकं उघडा."

नाशिकचं कॉलेज, पहिलं वर्ष. इंग्रजीच्या सरांच्या हातात स्कॉलरशिपची यादी होती. आम्ही नऊ जण उभे राहिलो. सरांनी एकेक नाव वाचलं. नावापुढची जात वाचली. पुस्तकं कुणी उघडली नाहीत, सगळे वळून बघत होते. सही करून मी खाली बसले. शेजारची मैत्रीण हळूच म्हणाली, "अगं, तू कॅटेगरीची? वाटत नाहीस."

मी म्हणाले, "थँक्यू."

तिचं बोलणं मी विसरले असते. माझं थँक्यू विसरता येत नाही.

आई विंचूरला व्यापाऱ्याच्या खळ्यावर कांदा निवडायची. मोठा एकीकडे, बारीक गोल्टी एकीकडे, सडका बाहेर. घरात कॉलेज शिकलेली मी पहिलीच. कुणी काही दिलं की आभार मानायचे, हे अंगातच होतं. आणि सर वाईट नव्हते, हेही लिहायला हवं. मी एमए झाले तेव्हा त्यांनीच मला स्वतःची जाड डिक्शनरी दिली. आज मी त्यांच्याच विभागात तासिका तत्त्वावर शिकवते. दर जूनला त्यांनी शिफारस केली तर माझ्या नेमणुकीची ऑर्डर निघते.

मागच्या महिन्यात वर्गाला शब्दांची मुळं सांगायची होती, म्हणून त्या डिक्शनरीत 'कॅटेगरी' हा शब्द काढला. मूळ ग्रीक. भर सभेत एखाद्याविरुद्ध बोलणं. आरोप. पुढे तत्त्वज्ञांनी तो वस्तूंच्या प्रकारांसाठी घेतला. आता हॉटेलांना कॅटेगरी असते, मोबाइलवरच्या कपड्यांना असते. आपल्याकडे नुसतं कॅटेगरी म्हटलं की आम्ही.

राग आला नाही. थकवा आला. म्हणजे त्या दिवशी वर्गात शब्द अगदी बरोबर वापरला गेला होता.

सोमवारी शिपाई मामा माझ्या वर्गात यादी घेऊन आले. "मॅडम, नावं वाचा, उभं करा, सह्या घ्या. दोन मिनिटांचं काम हाय."

तिसऱ्या बाकावरची मुलगी मान खाली घालून पेनाचं टोपण काढत होती, लावत होती. यादी कसली, ते तिला कळलं होतं.

मी फळ्यावर लिहिलं, ज्यांनी स्कॉलरशिपचा फॉर्म भरला आहे त्यांनी सहीसाठी आठवडाभरात स्टाफरूममध्ये मला भेटावं. यादी पर्समध्ये ठेवली. धडा सुरू केला.

दुपारी सरांनी केबिनमध्ये बोलावलं. "तू स्वतः त्यातूनच आलीस ना? मग कसली लाज?"

"लाज नाही, सर. तुम्ही मला उभं केलं होतं, ते आठवतं."

"तुमच्या भल्यासाठीच ना? शिकलीस की."

"शिकले. तेही खरं आहे."

"मग पद्धत मोडू नकोस. जून लांब नाही."

"माहीत आहे, सर."

एवढंच बोलून बाहेर आले. थँक्यू म्हटलं नाही.

डिक्शनरी मी परत करणार नाही, ती मला लागणार आहे. स्कॉलरशिप हक्काची होती, तिच्याबद्दल मी फार वर्षं आभार मानले. जूनमध्ये ऑर्डर निघेल किंवा निघणार नाही. मी शिकवते आहे तोवर त्या यादीसाठी माझ्या वर्गात कुणीही उभं राहणार नाही.